पाठमोरी नायिका

व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पुरुषाला विचारावे की बाबा रे, पुरुष असून तू बाईचे पात्र का घेतोस, तर एक ठरलेले उत्तर येते. चाळीस-पन्नास तास कुणाच्या तरी पाठीकडे बघत बसायचे असेल, तर ती पाठ बाईची का नसावी? उत्तर देताना तो हसतो, ऐकणारेही हसतात, आणि विषय संपतो. अमेरिकेतल्या खेळाडूकडून हे उत्तर मिळते आणि पुण्यातल्या वसतिगृहातल्या मुलाकडूनही जवळजवळ याच शब्दांत मिळते. जे उत्तर इतक्या ठिकाणी इतके तयार सापडते ते विचार करून दिलेले नसते. पाठीबद्दलचे हे उत्तर पाठ केलेले आहे.

गंमत अशी की, ज्या समीक्षकांनी या उत्तरावर तुटून पडायचे, तेच ते आनंदाने पदरात पाडून घेतात. लॉरा मल्व्ही यांचा १९७५ सालचा निबंध हाताशी असतोच. चित्रपटातली स्त्री बघितली जाण्यासाठी असते आणि पुरुष बघणारा असतो, ही त्या निबंधातली मांडणी आता आपल्या पदव्युत्तर वर्गांत पाढ्यांसारखी म्हटली जाते. खेळाडू स्वतःच कबुली देतो आहे म्हटल्यावर सिद्धान्त सिद्ध करण्याचेही श्रम वाचतात. 'व्हिडिओ गेम आणि पुरुषी नजर' या किंवा अशा शीर्षकाचे जे लघुप्रबंध आमच्यापुढे तपासायला आले, त्यांतल्या बहुतेकांत मल्व्हीबाई पहिल्या पानावर येतात, निष्कर्ष दुसऱ्या पानावर येतो, आणि उरलेली पाने गेमच्या चित्रांनी भरलेली असतात. खेळाडूला आपण 'तसले' नाही हे जाहीर करता येते, आणि समीक्षकाला गेम न खेळताच त्यावर लिहिता येते. दोघांचेही भागते. आमचे भांडण या भागण्याशी आहे.

ज्या खेळापासून ही सगळी चर्चा सुरू झाली तो आधी नीट पाहू. 'टूम रेडर' १९९६ साली आला. इंग्लंडमधल्या डर्बी या गावी 'कोअर डिझाइन' नावाच्या कंपनीत तो तयार झाला आणि त्याची नायिका लारा क्रॉफ्ट ही टोबी गार्ड या तरुण चित्रकाराची निर्मिती. आरंभी तिथे पुरुष नायक होता. तो इंडियाना जोन्सच्या फार जवळ जातो, उगाच कायद्याचे लचांड मागे लागेल, म्हणून तो बदलला गेला. पुढे लाराचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९९७ साली ती लंडनच्या 'द फेस' मासिकाच्या मुखपृष्ठावर आली, यू-टू या वाद्यवृंदाच्या जागतिक दौऱ्यातल्या पडद्यांवर आली, तिच्या वेषात हाडामांसाच्या मॉडेल उभ्या केल्या गेल्या. गार्ड त्याच वर्षी कंपनी सोडून गेले. आपल्या नायिकेची जी जाहिरात चालली होती ती त्यांना रुचली नव्हती.

आता त्या जाहिराती आणि तो गेम शेजारी ठेवून पाहावे. जाहिरातीतली लारा आपल्याकडे तोंड करून उभी आहे; ती बघितली जाण्यासाठीच आहे आणि तिथे मल्व्हीबाईंचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. गेममधली लारा बहुतेक वेळ पाठमोरी आहे. या फरकाला मुकणे म्हणजे पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे परीक्षण करून ते कादंबरीचे म्हणून छापणे होय. पाठमोरे माणूस आणि त्याच्या मागे उभे असलेले माणूस, दोघांची तोंडे एकाच दिशेला असतात. दिंडीत पुढच्याची पाठ बघत चालणारा वारकरी पुढच्याकडे बघत असतो असे कोणी म्हणत नाही. लाराच्या पुढे दरी आहे, तुटका कठडा आहे, अंधाऱ्या दालनात कुठेतरी लांडगा आहे, आणि खेळणाऱ्याचा जीव त्या दरीत, कठड्यात आणि लांडग्यात अडकलेला आहे. किती पावले मागे यायचे, कुठून धावायला सुरुवात करायची, कड हातातून सुटू नये म्हणून कोणते बटण दाबून धरायचे, याचा अंदाज त्याला हळूहळू येतो आणि मग तो त्याच्या बोटांत मुरतो. सायकल जशी अंगात येते तशी लारा अंगात येते. एखादा देह असा बोटांनी ओळखणे आणि तो डोळ्यांनी न्याहाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एकाच संध्याकाळी एकच मुलगा दोन्ही करू शकतो हे आम्हांला मान्य आहे. त्या एकच नव्हेत, एवढेच आम्ही म्हणतो.

आणि मग लारा पडते. खाली टोकदार खिळे असतात. या क्षणी खेळणारा मराठी मुलगा काय म्हणतो, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्या अभ्यासकांना जे ऐकू येणे शक्य नाही ते आपल्याला ऐकू येते. इंग्रजीत 'आय डाइड' म्हटले की म्हणणारा पुरुष की स्त्री हे वाक्यातून कळत नाही. मराठी क्रियापद असे लपू देत नाही. नजरेचा सिद्धान्त खरा असेल तर त्या मुलाने 'मेली' म्हणायला हवे: ती तिकडे, मी इकडे. पुरुष स्त्रीच्या अनुभवात विरघळून जातो, हा दुसरा, अधिक गोड सिद्धान्त खरा असेल तर त्याने 'मेले' म्हणायला हवे. प्रत्यक्षात तो म्हणतो, 'अरे, मेलो!' देह तिचा, मरण तिचे, आणि क्रियापद त्याचे. आम्ही हे अनेकदा ऐकले आहे, आणि ज्यांच्या घरात गेम खेळणारा मुलगा आहे त्यांनीही ऐकले असणार. (कोल्हापूरकडच्या वाचक भगिनी इथे हरकत घेतील, की आम्हीही 'मी आलो' असेच म्हणतो. हरकत रास्त आहे. आमचा हा पुरावा पंचगंगेच्या काठी चालणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.)

'मेलो' या एका शब्दाचा अर्थ लावण्यासाठी परदेशी सिद्धान्ताकडे धाव घेण्याचीही गरज नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली, आणि आपण ती परीक्षेत पाच गुणांच्या टीपेपुरती जिवंत ठेवली. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि एकाच वेळी दोन असण्यातच त्याचा आनंद असतो, असे केळकरांचे म्हणणे. तादात्म्य पूर्ण झाले तर आनंद घ्यायला कोणी उरत नाही. ताटस्थ्य पूर्ण राहिले तर शिरायला जागा नाही. पाठमोऱ्या नायिकेच्या मागे बसून 'मेलो' म्हणणारा मुलगा केळकरांचा आदर्श रसिक आहे, आणि हे त्याच्या मराठीच्या प्राध्यापकाला सुचत नाही, कारण केळकर अभ्यासक्रमाच्या एका पेपरात आहेत आणि लिंगभाव दुसऱ्या. एक भर मात्र केळकरांत घालावी लागेल. वाचकाच्या हाताला पान उलटण्यापलीकडे काम नसते. इथे हात कामात आहे, आणि नायिका मेली तर दोष त्या हाताचा आहे. 'सिंधू गेली' असे 'एकच प्याला'चा प्रेक्षक म्हणू शकतो, कारण त्याने काही केलेले नसते.

इथे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ उठून उभे राहतात. ते प्रत्येक चर्चासत्रात असतात. त्यांचे म्हणणे: यात नवे काय? आमच्याकडे हे होतेच. ज्ञानदेवांनी विराण्या लिहिल्या, एकनाथांनी गौळणी लिहिल्या, शाहिरांनी बाईच्या तोंडची लावणी लिहिली, बालगंधर्व झाले, आणि अर्धनारीनटेश्वर तर आहेच. टाळ्या पडतात. आम्ही टाळ्या वाजवत नाही. परंपरेचा अभिमान आम्हांलाही आहे, परंतु ही उदाहरणे आमच्या प्रश्नाच्या नेमकी विरुद्ध बाजूची आहेत. विराणी आणि लावणी लिहिणारा पुरुष स्त्रीचे क्रियापद घेतो. त्याशिवाय ती रचना उभीच राहत नाही. बालगंधर्व भामिनी झाले तेव्हा त्यांनी रंगमंचावर भामिनीची जीभ घेतली, चाल घेतली, पदर घेतला, आणि तो पदर असा घेतला की घरंदाज स्त्रिया त्यांच्याकडे बघून पातळ नेसायला शिकल्या. गेम खेळणारा यातले काहीच करत नाही. तो सोफ्यावर पाय पसरून बसलेला असतो, दाढी वाढलेली असते, आणि तो 'मेलो' म्हणतो. बालगंधर्वांना स्त्री होण्यासाठी आयुष्य खर्ची घालावे लागले. याला एक बटण दाबावे लागते. परंपरेतून घ्यायचेच असेल तर एक अवघड गोष्ट घ्यावी, जी ते गृहस्थ सांगत नाहीत. स्त्रीची भूमिका पुरुषांनी इतक्या प्रेमाने केली त्याच काळात खऱ्या स्त्रीला त्या रंगमंचावर प्रतिष्ठेने उभे राहायला जागा नव्हती. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये १९१३ साली तारामती झाले ते साळुंके. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच. एकाच देहात राम आणि सीता, हे ऐकायला फार सुंदर आहे. सीतेचे काम करू शकेल अशी बाई मिळण्याची मारामार होती, हे तितकेसे सुंदर नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

नजरेचा सिद्धान्त किती पोचतो आणि कुठे थांबतो हे पाहायला 'मेट्रॉइड' हा निन्टेन्डोचा १९८६ सालचा गेम सर्वांत चांगला. जड चिलखतातला एक योद्धा परग्रहावरच्या भुयारांत फिरतो. नाव सॅमस आरान. इंग्रजी माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामानेच केलेला होता. गेम लवकर पुरा केला तर शेवटी शिरस्त्राण उतरते आणि आत बाई निघते. आणखी लवकर पुरा केला तर चिलखतही उतरते. एका तासाच्या आत संपवला तर ती बिकिनीत उभी दिसते. कौशल्याचे बक्षीस म्हणून वस्त्र उतरवायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याची आम्ही वकिली करणार नाही. मल्व्हीबाईंनाही याहून उघड उदाहरण मिळाले नसते. पण हे दृश्य काही सेकंदांचे आहे. त्याआधीचे सगळे तास खेळणाऱ्याने त्या देहातून उड्या मारल्या, गोळ्या झाडल्या, तो देह गोळा करून अरुंद बोगद्यांतून घरंगळवला, आणि शेवटी ती बाई होती हे कळल्यावर त्या तासांतली एकही उडी मागे जाऊन बदलली नाही. जो सिद्धान्त शेवटच्या पाच सेकंदांचा चोख हिशोब देतो आणि आधीच्या पाच तासांबद्दल गप्प बसतो, त्याला सिद्धान्त म्हणावे, पण त्याच्या भरवशावर प्रबंध लिहू नये.

ऑनलाईन गेमांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे समोर दुसरी माणसे असतात. स्त्रीरूप घेऊन इतरांना भुलवायचे, फुकट शस्त्रे आणि मदत पदरात पाडायची, असा आरोप तिथे पुरुषांवर नेहमी होतो. 'गर्ल' म्हणजे 'गाय इन रिअल लाइफ' हा तिथला जुना विनोद आहे. या संशयाचा धाक इतका की स्त्री-पात्रे घेणाऱ्या पुरुषांची खाती चीनमधल्या एका कंपनीने गोठवली आणि वेबकॅमसमोर येऊन स्त्रीत्व सिद्ध करण्याची अट घातली, अशी बातमी २००७ साली आली होती. पडद्यावरच्या देहाला 'अवतार' हे नाव १९८६ च्या सुमारास लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या खेळात रूढ झाले. तेव्हा विष्णूच्या मोहिनीरूपाची आठवण आपल्या वाचकांना झाली तर नवल नाही. मोहिनी हे डावपेचाचेच रूप होते. अशी फसवणूक होते, आणि ती दर वेळी हसण्यावारी नेण्यासारखी नसते. न्यूयॉर्कच्या एका पुरुष मनोविकारतज्ज्ञाने संगणकजालावर 'जोन' नावाची अपंग स्त्री होऊन कित्येक स्त्रियांशी जिवाभावाची मैत्री केली, आणि सत्य कळल्यावर त्या स्त्रिया कशा कोसळल्या, हे १९८५ साली 'मिझ' या स्त्रीवादी मासिकाने छापले आहे. पण त्याला आम्ही या प्रश्नाचा गाभा मानत नाही. लबाड माणूस कोणतेही रूप घेतो.

त्यापेक्षा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हांला अधिक विचार करायला लावतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेममध्ये संशोधकांनी खास एक मोहीम रचली आणि ३७५ खेळाडूंना त्यात उतरवले. त्यांतल्या पुरुषांपैकी २३ टक्क्यांनी स्त्री-पात्र घेतले. स्त्रियांपैकी ७ टक्क्यांनी पुरुष-पात्र. स्त्री-पात्र घेतलेल्या पुरुषांची भाषा बदलली: त्यांच्या लिहिण्यात भावदर्शक शब्दप्रयोग वाढले, उद्गारचिन्हे वाढली. चाल मात्र बदलली नाही. इतर पुरुषांप्रमाणेच ते गटापासून दूर उभे राहत, मागे मागे सरकत, पुन्हा पुन्हा उड्या मारत. जीभ बाईची झाली, पाय पुरुषाचे राहिले. एकट्याने खेळायच्या गेममध्ये नेमके याच्या उलट होते: पाय लाराचे आणि जीभ मुलाची. म्हणजे ऐकणारा कोणी असला की पुरुष बाईसारखे बोलतो, आणि ऐकणारा नसला की तो बाईच्या देहात स्वतःसारखा राहतो. पहिली गोष्ट अभिनयाची आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले. दुसरीवर फारच थोडे, आणि गोष्ट तीच अधिक खोल आहे.

तिच्याकडे जाण्याआधी ज्या गोड सिद्धान्ताचा वर उल्लेख केला त्याचा निकाल लावू. स्त्री-पात्र घेऊन खेळल्याने पुरुष संवेदनशील होतो, परकायाप्रवेश घडतो, सहानुभाव वाढतो, असे म्हणणारे लोक चांगले असतात आणि त्यांच्याशी भांडताना वाईट वाटते. पण २०१४ चा ऑगस्ट महिना आठवावा. गेम तयार करणाऱ्या आणि गेमविषयी लिहिणाऱ्या स्त्रियांवर जी झुंड तेव्हा तुटून पडली, जिला 'गेमरगेट' म्हणतात, तिने झोई क्विन यांना घर सोडायला लावले. अनिता सार्कीझियन यांना त्याच ऑक्टोबरात युटातल्या विद्यापीठातले व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द करावे लागले. तोवर लारा अठरा वर्षांची झाली होती आणि सॅमस अठ्ठावीस. पुरुषांनी स्त्रीदेहातून खेळण्याची रीत त्या जगात नवी नव्हती. त्या रीतीने एक धमकीही अडवली नाही. बाईच्या पायांनी धावणे वेगळे आणि रस्त्याने घरी जाणाऱ्या बाईचे पाय भीतीने का भरभर पडतात हे कळणे वेगळे. लारा पडली तर पुन्हा मागच्या टप्प्यावर उभी राहते. स्त्री असण्याचा जो खरा भाग आहे, तो पुन्हा सुरू करता येत नाही, आणि गेमने तो आधीच वजा केलेला असतो.

मग पुरुष स्त्री-पात्र का घेतो? आमचे उत्तर असे आहे की, त्याला घाबरायचे असते.

आम्ही हे चेष्टेने म्हणत नाही. २००५ च्या 'गॉड ऑफ वॉर'मधला क्रेटॉस आठवावा, किंवा २००६ च्या 'गिअर्स ऑफ वॉर'मधला मार्कस फीनिक्स. त्यांची मान खांद्यांत कुठे संपते हे कळत नाही. बोलतात ते गुरगुरून. असे देह चालवताना मुलगा एक परीक्षा देत असतो, आणि ती कोणती हे त्याला शाळेच्या मैदानापासून माहीत आहे. त्या देहात दचकणे शोभत नाही. लाराच्या देहात दचकता येते, धापा टाकता येतात, कण्हता येते. कॅरल क्लोव्हर यांनी १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात भयपटांविषयी हेच दाखवले होते: खुनी माणसापासून शेवटपर्यंत वाचणारी ती एकटी मुलगी, जिच्या भीतीत प्रेक्षागृहातली तरुण मुले स्वतःची भीती उघडपणे भोगतात. ती मुलगी असते म्हणून त्यांना ते चालते. मल्व्हींचे नाव घेणाऱ्या दहांपैकी एकाने क्लोव्हर वाचल्या असत्या तर या लेखाची गरज पडली नसती.

२०१३ साली 'टूम रेडर' नव्याने आला तेव्हा ही गोष्ट उघड्यावर आली. त्यातली लारा विशीतली आहे, जहाज फुटून एका बेटावर फेकली गेली आहे, पहिल्या तासाभरात ती इतकी मार खाते, इतकी रडते की बघवत नाही. गेम यायच्या आदल्या वर्षी त्याचे कार्यकारी निर्माते रॉन रोझेनबर्ग यांनी एका मुलाखतीत सांगितले की, लारा खेळताना लोक स्वतःला तिच्या जागी ठेवत नाहीत. तिचे रक्षण करावे असे त्यांना वाटते. यावर गदारोळ झाला आणि तो योग्यच होता. पण गदारोळ करणाऱ्यांनी या विधानातला पुरुषी अहंकार पकडला. त्यातला खोटेपणा पकडला नाही. रक्षण करणारा माणूस 'मेलो' म्हणत नाही. 'तिला वाचवता आले नाही' म्हणतो. रोझेनबर्ग यांनी खेळाडूला एक अब्रूदार पळवाट काढून दिली, जशी ती पाठीची कोटी काढून देते. भोगतोस ती भीती तुझी नाही, तू तर रक्षक आहेस. भोगतोस ती भीती तुझी नाही, तू तर बघतो आहेस. दोन्ही उत्तरे एकाच कामाची आहेत: पुरुष घाबरला होता ही गोष्ट झाकायची.

भीतीखेरीज आणखी कारणे नसतात असे आम्ही म्हणत नाही. 'मास इफेक्ट' या मालिकेत (२००७ ते २०१२) कमांडर शेपर्ड पुरुष घ्यावा की स्त्री हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. संवाद बहुतांश तेच, कथा तीच. २०१३ साली निर्मात्यांनी सांगितले की १८ टक्के खेळाडूंनी स्त्री शेपर्ड घेतली. तशी निवड करणाऱ्या पुरुषांपैकी कित्येक जण एक साधे कारण देतात, की जेनिफर हेल या अभिनेत्रीने तिचे संवाद अधिक चांगले म्हटले आहेत. हे कारण कोणी मनावर घेत नाही. आम्ही घेतो. एखादी भूमिका एखाद्या नटीने चांगली केली म्हणून ती निवडणे हा शुद्ध वाङ्मयीन निर्णय आहे, आणि वाङ्मयाच्या शिक्षकांनाच तो पटू नये हे आमच्या व्यवसायाविषयी काही बरे सांगत नाही. आणि अशीही माणसे आहेत ज्यांना पुरुष म्हणून वाढवले गेले, ज्यांनी नुसते खेळायला म्हणून स्त्री-पात्र घेतले आणि आपण कोण आहोत हे ज्यांना तिथे प्रथम उमगले. अनेक पारलिंगी स्त्रियांनी हे लिहून ठेवले आहे. त्यांच्या बाबतीत आमचे सगळे विवेचन लंगडे पडते, कारण त्यांच्या ओठांवर 'मेले' येते, आणि ते खरे असते. पाठीच्या कोटीवर हसणाऱ्यांच्या घोळक्यात अशी एखादी व्यक्ती गप्प बसलेली असू शकते, हे हसताना ध्यानात ठेवलेले बरे.

पण बहुतेकांचे 'मेलो'च असते, आणि म्हणून आमचा आरोपही त्यांच्यावर आहे, आणि त्यांना वाढवणाऱ्यांवर त्याहून अधिक. आपल्या मुलाला भिण्याची मुभा त्याच्या स्वतःच्या लिंगात आपण दिली नाही. 'मुलगी आहेस का रडायला?' हे वाक्य ज्या घरात बोलले जाते त्याच घरात तो मुलगा रात्री दार लावून मुलगी होतो, आणि मग निर्धास्त घाबरतो. देह भाड्याने घेतो, वापरतो, परत करतो. सकाळी विचारले तर पाठीची कोटी सांगतो. या सगळ्यात आम्हांला त्याची कीव येते. राग येतो तो भाड्याचा हिशोब पाहिला की.

कारण हे भाडे तो भरत नाही. साळुंके सीता होत होते तेव्हाही ते त्यांनी भरले नव्हते. ज्या जगात पुरुष इतक्या सहज स्त्री होतो त्याच जगात स्त्री स्त्री म्हणून शिरली की काय होते, हे वर्गातल्या मुलींना विचारावे. आम्ही विचारले. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची एक विद्यार्थिनी मोबाईलवर चौघांच्या तुकडीने खेळायचा लढाईचा गेम खेळते, आणि आमच्या माहितीतल्या कुठल्याही मुलापेक्षा चांगला खेळते. तिचे पात्र पुरुषाचे आहे, खात्यावरचे नावही पुरुषाचे आहे. मायक्रोफोन ती शक्यतो बंद ठेवते. बंद ठेवून खेळता येत नाही, साथीदारांना काहीतरी सांगावेच लागते, तेव्हा ती आवाज जाड करते आणि मोजके बोलते. मुलगी आहे हे कळले की काय काय ऐकावे लागते याची यादी तिने आम्हांला दिली. ती इथे छापण्याजोगी नाही. तुकडीतली तिघेही मुले मराठी आहेत, नाशिककडची असावीत, आपसांत मराठीतच बोलतात, आणि गोळी लागली की 'मेलो, मेलो' असे ओरडतात. ती मात्र अशा वेळी इंग्रजीत बोलते.

आम्ही विचारले, मरताना इंग्रजी कशाला?

ती म्हणाली, "सर, मराठीत मेले तर लगेच पकडली जाते."